इलुमिनादाचा ताठ पाय

इलुमिनादाचा गुडघा बदलला, आणि कुठे ती काठीशिवाय परसातल्या कोंबड्या हाकलू लागली, तोच ओल्या पायरीवरून घसरली. नवा गुडघा जागच्या जागी राहिला. वाटीखालची कंडरा मात्र तटकन तुटली. डॉक्टरांनी पुन्हा कापून कंडरा शिवली, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा आवळला आणि बजावलं, "सहा आठवडे हा पाय वाकता कामा नये. टाके तुटले तर मग मला विचारू नका."

नवरा फ्लोरो तिला न्यायला तीनचाकी घेऊन आला. ताठ पाय आत मावेना.

"जीपनीनं जाऊ या?"

"आणि त्या गर्दीत पाय काय समोरच्या बाकावरच्या लोकांच्या मांडीवर ठेवू?"

शेवटी फ्लोरोला मावसभाऊ बेर्तिंग आठवला. त्याच्या गाडीत मागे आडवं होता येत होतं. गाडी शववाहिनी होती, एवढंच.

"मी जिवंत आहे, फ्लोरो."

"म्हणून तर तो फुकट नेतोय."

वाटेत पुरुष टोप्या काढत होते, बाया क्रूसाची खूण करत होत्या. इलुमिनादाने काचेतून हात हलवून पाहिला. एक बाई किंचाळून मटकन खाली बसली. मग इलुमिनादा गपगुमान छताकडे बघत पडून राहिली. या गाडीतून आपल्याला आणखी एकदा जायचंय, एवढंच तिच्या मनात येत होतं.

गावी, पोतोतानला पोचेपर्यंत ती गेल्याची बातमी पुढे गेली होती. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, कॉफी उकळतेय, मयताची रात्र जागवायला पत्त्यांचा डावही बसलेला. गाडीचं दार उघडलं तशी धाकटी बहीण पुरीता धावत आली. बांधावरच्या नारळाच्या झाडापायी दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या.

"मानांग! ताई! मला एकटीला टाकून गेलीस गं! घे ते झाड, सगळे नारळ तुझेच!"

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" आतून इलुमिनादा म्हणाली.

पुरीताने डोळे पुसले. "मेलेल्या बहिणीला दिलं होतं. जिवंतपणी एक नारळ मिळायचा नाही." आणि ती तरातरा फाटकाकडे निघाली.

फ्लोरो आणि बेर्तिंगने इलुमिनादाला काखेत धरून उतरवलं. पण तो पाय तिला उचलता येईना. टाच घराच्या दारातल्या पायरीवर अडली. कुणीतरी अलगद टाचेखाली हात घातला. पुरीता परत आली होती.

"बोलत नाहीये मी तुझ्याशी," ती म्हणाली. "फक्त पाय उचलतेय."

ती रोज येत राहिली. पाय उचलून उशीवर ठेवायची, चकार शब्द न काढता जायची. पट्टा निघाला त्या दिवशी इलुमिनादाने आपला पाय आपण वीतभर उचलून दाखवला. पुरीताने तो नीट पाहिला, पिशवी घेतली आणि दाराकडे वळली.

इलुमिनादाने घाईघाईने पाय खाली टाकला.

"नाही गं उचलत अजून," ती कण्हली. "उद्या ये."