धर्माजींची बिनचुलीची काकडी

धर्माजींच्या घरी गेलेल्या माणसाला चहा मिळत नसे. मिळायची ती काकडी, आणि तीही कोरियाची.

म्हणजे काकडी आपलीच, बाजारातली. कृती तेवढी कोरियाची. तरुणपणी धर्माजी फौजेच्या दवाखान्याची गाडी चालवायला कोरियात गेले होते. तिथल्या एका स्वयंपाक्याने त्यांना ती शिकवली. परत येऊन ते गांधीबागेमागच्या आमच्या गल्लीत घरच्या हातमागावर बसले आणि लुगडी विणू लागले. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली असतील, पण काकडीपुरते ते अजून तिकडेच होते. "आमच्या कोरियात असं नाही चालत," हे वाक्य तर त्यांच्या जिभेवर बसलेलंच.

काकडी चोचवायची नाही, पातळ चकत्या करायच्या. मीठ लावून ठेवायच्या आणि मग फडक्यात बांधून सुताची लड पिळतात तशा पिळायच्या. त्यावर ठेचलेला लसूण, भिवापुरी तिखट, सिरका, चिमूटभर साखर, तिळाचं तेल आणि शेवटी तीळ. सगळ्यांत कडक नियम विस्तवाचा. "काकडीले आग दाखवाची नाही," असं ते बजावत.

तीळ तरी भाजावे लागतील की, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर तीळ पसरले होते. नागपूरचं ऊन फुकट मिळत असताना तिळासाठी चूल पेटवणारा माणूस आळशी, असं त्यांचं मत पडलं. तीळ बाकी खमंग लागले, हे मान्य केलं पाहिजे.

त्यांच्या पत्नीला, सुभद्राबाईंना, यातलं काहीच पटत नसे. बिनफोडणीचं काही पाहुण्यापुढे ठेवायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. धर्माजींची पाठ वळली की पळीत तेल तापायचं. मोहरी तडतडली की मागावरून धर्माजी गरजत, "कोरियाची कोशिंबीर करून टाकली वं तू!" आणि आतून शांतपणे उत्तर येई, "मंग काय लोकायले कच्चं खाऊ घालू?" पाहुणा दोन्हीकडे मान डोलवून वाटी साफ करायचा. मीही बरेचदा केली आहे.

एका दिवाळीनंतर सुभद्राबाई मुलीच्या बाळंतपणासाठी भिलाईला गेल्या. धर्माजींना रान मोकळं मिळालं. गल्लीतल्या एकेकाला बोलावून त्यांनी अस्सल काकडी खाऊ घातली. आम्हीही तोंडभर स्तुती केली. पण हळूहळू बोलावणी थांबली, आणि मागाचा आवाजही थांबला. तब्येत बरी नसेल, असं आम्हाला वाटलं.

मग एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. हातात झाकलेली वाटी होती. माझ्याकडे न बघता ते माझ्या बायकोला म्हणाले, "मंदाबाई, याले जराशी फोडणी देऊन देता का?"

मला हसू आवरेना. मंदाने वाटी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती मागे घेतली.

"इथं नाही. आमच्या घरी येऊन द्या."

आम्ही दोघंही गेलो. मंदाने त्यांच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवला. धर्माजी मागावर जाऊन बसले, धोटा हातात घेतला, पण चालवला नाही. आत मोहरी तडतडली. ते आज गरजले नाहीत. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"ती गेल्यापासून घरात काही आवाजच नाही गा भाऊ," ते म्हणाले. "करमतच नाही मले."

मंदाने वाटी आणून दिली. त्यांनी ती सगळी खाल्ली, बोटं पुसली आणि जरा दबकतच तिला विचारलं, "उद्या मेथी आणून ठेवतो. मेथीले बी फोडणी लागते ना?"