मास्तरांचा पाचवा गिअर

"चूक होते ती माणसाची. गणिताची कधीच नाही!"

हे वाक्य मास्तरांनी छत्तीस वर्षं वर्गात ऐकवलं होतं. निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही, म्हणून ते घरात ऐकवू लागले. घरात श्रोता एकच, बायको. ती अंडी फेटता फेटता "हं" म्हणायची, आणि या "हं"चा अर्थ मास्तर "मान्य" असा घ्यायचे.

मास्तरांचा जीव की प्राण म्हणजे त्यांची जुनी स्पोर्ट्‌स कार. लाल, ठेंगणी, दोनच सीटांची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. बायको रोज ऑफिसला स्वतःची छोटी गाडी झोकात चालवत जायची, पण लाल गाडीच्या स्टिअरिंगला तिचा हात लागायचा तो फक्त फडक्यासकट. "तिचा क्लच हळवा आहे गं," मास्तर म्हणायचे. बायको म्हणायची, "हं."

गाडीत खोट एकच. गिअर चार! हायवेवर जरा वेग घेतला की इंजिन असं किंचाळायचं की नवरा-बायकोला खाणाखुणांनी बोलावं लागे. आणि नेमके तेव्हाच साडूभाऊ आपल्या नव्या गाडीतून शेजारून निघून जायचे, काच खाली करून हात हलवत. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त वकील. लाल गाडीवर त्यांचा वीस वर्षं डोळा.

"मास्तर, मला देऊन टाका ती," ते म्हणायचे. "तुमच्याकडे नुसती रडते हो बिचारी!"

शेवटी मास्तरांनी ठरवलं, जुना गिअरबॉक्स काढायचा आणि पाच गिअरचा बसवायचा.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी टेबलावर गिअरचे दोन संच मांडले. "मास्तर, हा घ्या. पहिला गिअर ताकदीचा, चढाला बैलासारखा ओढेल. त्या दुसऱ्यात पहिलाच गिअर वेगाचा आहे. सपाटीला झकास, पण चढावर थांबलात की संपलं."

मास्तरांनी दोन्ही संचांचे दात मोजले, भागाकार केले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो मिस्त्री, हा दुसरा बघा! प्रत्येक गिअर मागच्याच्या बरोब्बर त्याच पटीत! भूमिती श्रेढी आहे ही! आणि तुमच्या त्या पहिल्या संचात दोन गिअरांच्या मध्ये केवढं भगदाड!"

"भगदाड असू दे, पण चढ चढतो ना!"

"चढाचं गणित मी करतो."

आणि केलं! महिनाभर जेवणाच्या टेबलावर वही उघडी. गाडीचं वजन, चाकाचा घेर, रस्त्याचा उतार, पेट्रोल, माणसं, सगळं तीन दशांश स्थळांपर्यंत. बायको ताट ठेवायला जागा शोधत फिरायची. उत्तर आलं: साडूभाऊंच्या घराचा चढ, जो गावात सगळ्यात उभा, तोही गाडी चढेल आणि वर वीस किलोंची ताकद शिल्लक राहील!

झालं, दुसरा संच बसला. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, तो ग्रीसचा होता.

मग साडूभाऊ जेवायला आले आणि म्हणाले, "ऐकलं मी. पण मास्तर, आमचा चढ काही वहीत नाही, रस्त्यावर आहे!"

इतकं पुरलं. मास्तर ताडकन उठले. "येत्या रविवारी, अकराच्या आत, गाडी तुमच्या फाटकात! न ढकलता, स्वतःच्या इंजिनावर! नाही आली, तर गाडी तुमची!"

बायकोच्या हातातला चमचा निसटला. "अहो! भरल्या ताटावर कसली पैज लावताय?"

"गणित आहे अगं!"

साडूभाऊंनी शांतपणे खिशातून पेन काढलं आणि पैज कागदावर उतरवून घेतली. वकीलच ते!

त्या रात्री बायकोला झोप लागेना. गाडी नवऱ्याची असली तरी त्या डाव्या सीटवर बायकोचा सगळा संसार बसून झाला होता. ती गाडी साडूभाऊंच्या दारात उभी राहणार या विचाराने तिला रडूच आलं. मास्तर मात्र गाढ घोरत होते, चौथ्या गिअरमध्ये.

रविवार उजाडला. चढाआधी मास्तरांनी मुद्दाम हायवेला फेरी मारली, तिथे पाचवा गिअर टाकला आणि काय सांगावं! इंजिन नुसतं गुणगुणू लागलं. पहिल्यांदाच दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या शांततेत मास्तर अर्धा तास भूमिती श्रेढीबद्दल बोलले. जुना गिअरबॉक्स तितका वाईट नव्हता, असं बायकोला वाटून गेलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना गाडी चढाला लागली. आली, आली, अर्ध्यावर आली, आणि समोर पाण्याचा टँकर! एका फाटकातून मागे मागे येत त्याने अख्खा रस्ता अडवला. मास्तरांना ब्रेक मारावाच लागला.

टँकर कडेला झाला. मास्तरांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी थरथरली, आचका दिला, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी क्लचचा जळका वास आला आणि गाडी वीतभर मागेच सरकली. वर फाटकापाशी साडूभाऊ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आपली गाडी बाजूला घेतली. लाल गाडीला जागा करत होते!

"हँडब्रेक घट्ट धर," मास्तर घामाघूम होत म्हणाले. "मी चाकामागे दगड लावतो, मग बघू."

ते उतरले. गाडीने सुटकेचा श्वास टाकल्यासारखी पाठ उचलली. रस्त्याकडेला त्यांना एक चांगला कलिंगडाएवढा दगड सापडला. तो छातीशी धरून ते वळतात, तर बायको सरकून ड्रायव्हरच्या सीटवर!

"अगं, काय करतेस? हळवा आहे तो क्लच!"

"हं," बायको म्हणाली, आणि गाडी निघाली. एकही आचका नाही! टँकरवाला खिडकीतून वळून बघत राहिला. मागून मास्तर धावत होते, दगडासकट, कारण तो टाकून द्यायचं भान कुणाला होतं?

अकराला तीन मिनिटं असताना गाडी फाटकात शिरली. अकरा वाजून चार मिनिटांनी मास्तर शिरले.

"हे चालणार नाही!" साडूभाऊ उसळले. "मास्तर तर पायी आले!"

"कागद काढा भाऊजी," बायको म्हणाली. "गाडी यायची होती, गाडी आली. मास्तर यायचे, असं कुठे लिहिलंय?"

साडूभाऊंनी कागद दोनदा वाचला. त्यांच्याच हातचा होता. बायकोच्या ताई दारातून खुदकन हसल्या आणि आतून मास्तरांसाठी पाणी घेऊन आल्या.

"पण वीस किलो शिल्लक होते," मास्तर पायरीवर बसून धापा टाकत पुटपुटले. "गणित चुकणं शक्यच नाही!"

बायकोने गाडीतून वही काढली आणि पान उघडलं. "चालक, बासष्ट किलो. हे कधीचं?"

मास्तर दगडाकडे बघू लागले. "गाडी घेतली तेव्हा... नोंद होती माझ्याकडे."

"आणि माझं वजन? ते मात्र गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे केलेलं! वर पर्सचे दोन किलो वेगळे! अहो मास्तर, हातचे तीस विसरलात की!"

सोमवारी मिस्त्रींनी सगळं ऐकलं आणि हात पुसत म्हणाले, "दोनच उपाय आहेत. गिअर बदला, नाहीतर ड्रायव्हर."

"गिअरला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "ह्यांनी महिनाभर खपून निवडलेत, आणि चालतात छान." तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "गाडी त्या बासष्ट किलोंच्या गृहस्थांची आहे. मला फार आवडायचे ते. भेटले की किल्ली त्यांच्याच हातात देईन."

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी तो चढ पायी चढतात. वर साडूभाऊ खुर्ची टाकून बसलेले असतात आणि हात हलवतात. काल मास्तरांनी वहीत नवी नोंद केली आहे: चालक, एक्याण्णव पूर्णांक आठशे चाळीस सहस्रांश किलो.

वजन उतरलं नाही फारसं. पण तीन दशांश स्थळं त्यांनी सोडलेली नाहीत!