देवरावजींचा कोरम

लग्नाच्या पंगतीत देवरावजी ढोले पहिला घास कधी लवकर घेत नसत. पान वाढून झालं, वरणावर तूप पडलं, शेजारच्याचा भात अर्धा संपला, तरी हे मान वर करून हवेत बोट फिरवत बसलेले. "एक, दोन, तीन..." सात माणसं पानावर टेकलेली दिसली की मगच म्हणायचे, "हां, झाला कोरम. आता जेवा बाप्पा." यजमान बिचारा वाढण्यात काय चुकलं म्हणून धावत यायचा.

कोरम म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी माणसं. बाभुळगावात हा शब्द एका डॉक्टरांनी आणला. सन साठच्या आसपासची गोष्ट. डॉक्टरांनी नागपुरात कुठलं तरी सेवा मंडळ पाहिलं होतं. दर आठवड्याला सभा, एक अध्यक्ष, एक चिटणीस, टेबलावर पितळी घंटा, आणि सभेत ठरेल ती लोकांची सेवा. आम्हा बारा जणांना ग्रंथालयाच्या खोलीत बसवून त्यांनी त्याची शाखा काढली. बारा माणसांत नऊ समित्या झाल्या. मी स्वागत समितीचा प्रमुख आणि तिच्यातला एकुलता एक सदस्य. स्वागत करावं असं गावात कोणी फिरकलंच नाही, त्यामुळे माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती. बायको मात्र म्हणायची, "सेवा करून राह्यले म्हणे! घरातली घागर उचलवत नाही."

सहा महिन्यांत डॉक्टरांची वणीला बदली झाली. घंटा चिटणिसांकडे राहिली, म्हणजे देवरावजींकडे. ते जिनिंग फॅक्टरीत काट्यावर बसत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नियमांची पुस्तिका त्यांनी पाठ केली. त्यातले दोन नियम येता-जाता ऐकवायचे. सात हजर नसतील तर ठराव नाही. आणि लागोपाठ तीन सभांना सात जमले नाहीत तर शाखा बंद, घंटा नागपूरला परत.

त्या पौषात आम्ही जवळच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना ब्लँकेटं वाटायचं मनावर घेतलं. ब्लँकेटं आलीसुद्धा. पण ठराव व्हायचा होता. एका गुरुवारी पाच आले, दुसऱ्या गुरुवारी सहा. तिसऱ्याला सात होते, पण ठराव वाचेपर्यंत बैल सुटला म्हणून सातवा पळाला. हजेरी झाली होती, म्हणून शाखा वाचली. ठराव राहिला.

"देवरावजी, थंडी काय कोरमसाठी थांबते?" मी विचारलं.

"आज बिनाकोरम ब्लँकेट वाटलं, तं उद्या बिनाकोरम काय-काय होईन, सांगता येते का तुमाले?"

मी चिवडा खात होतो.

सुगी आली, लग्नं आली, सभाच भरल्या नाहीत. ठराव एकमतानं मंजूर झाला तेव्हा वैशाख लागला होता. तांड्यावर पोचलो तेव्हा कडुलिंबाखालीसुद्धा उभं राहवत नव्हतं. एका म्हातारीनं ब्लँकेट घेतलं, उन्हासाठी डोक्यावर ओढलं आणि म्हणाली, "थंडीत काहून नाही आणलं रे भाऊ? आमची म्हातारी सोनकी थंडीतच गेली ना. कुडकुडून गेली."

दुसऱ्या कोणी नियमांची पुस्तिका चुलीत घातली असती. देवरावजींनी वेगळाच अर्थ काढला. चूक नियमाची नाही, माणसं कमी पडली. यापुढं कोरम चुकू द्यायचा नाही.

मग दर गुरुवारी चार वाजले की त्यांची सायकल घरोघर फिरू लागली. "चला बाप्पा, पाचाची सभा हाय." कोणाला हार आधी पडला यावरून दोघं फुटले होते, दोघांची बदली झाली होती, एकाला जावयानं पांढरकवड्याला नेलं. उरलो नेमके सात. त्यातला सातवा बहुतेक वेळा मी.

पहिले काही गुरुवार मी गेलो. पुढं कंटाळा आला. खोटं कशाला सांगू, सभेत करायचं काही नसायचंच. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, ते मंजूर करायचं, घंटा. एका गुरुवारी मी पोटदुखी काढली. लागलीच पुढच्या गुरुवारी पाहुणे. तिसऱ्या गुरुवारी सायकलची घंटी ऐकू आल्याबरोबर मी आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे जाऊन बसलो.

"बाहेरगावी गेले ते," बायको दारातून म्हणाली.

माझ्या चपला उंबऱ्याशीच होत्या.

"बरं वहिनी," देवरावजी म्हणाले. "सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते नागपूरला परत पाठवायला घंटा गोणपाटात बांधत होते. लोलक वाजू नये म्हणून आत चिंधी कोंबली होती. "बसा," म्हणाले, आणि सुतळी आणायला आत गेले. पुढ्यात इतिवृत्ताची वही उघडी होती. कालचं पान होतं.

"उपस्थित सहा. अनुपस्थित, स्वागत समिती प्रमुख. चिटणीस स्वतः घरी जाऊन आले. प्रमुख बाहेरगावी गेल्याचे समजले. चपला दारातच होत्या. पायात घालण्याचीही सवड मिळाली नाही, यावरून प्रसंग गंभीर असावा. तिकडे सर्व सुखरूप असो, अशी सभेची इच्छा. ही इच्छा कोरमअभावी ठराव म्हणून नोंदता येत नाही."

देवरावजी सुतळी घेऊन आले.

"तिकडं सगळं बरं हाय ना?"

"हो," मी म्हणालो. "बरं आहे आता."

"मंग झालं तं," ते म्हणाले आणि गाठ मारायला मला सुतळीवर बोट धरायला सांगितलं. मी धरलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता मी उठून दाराशी गेलो, चपला उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. मग कणगीपाशी बसून राहिलो. साडेचार झाले, पाच झाले. कोणी आलं नाही.