भाऊंच्या फोनवर फुटलेला पासवर्ड

चूक संपूर्ण माझीच होती, हे आधीच कबूल करतो. (घरात रोज करतोच, आज तुमच्यापुढे.)

शहाऐंशी साली आमच्या अंधेरीच्या औषध कंपनीत कॉम्प्युटर आला. त्याला एसी खोली मिळाली, आम्हाला चपला बाहेर काढायची नोटीस मिळाली आणि पगारपत्रकाचा पासवर्ड सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, "मिस्टर नंदकुमार, जन्मतारीख नको, मुलांची नावं नकोत. बाहेरच्या कुणालाच माहीत नाही असा शब्द घाला."

आता घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाकडे असं काय असणार? काल आमच्याकडे कुठली भाजी होती, हे आम्ही विसरलो तरी शेजारी सांगतात. खूप डोकं खाजवलं, तेव्हा एकच शब्द सापडला. तोही माझ्या एकट्याचा नव्हे, दोघांचा.

वनमाला, म्हणजे आमची ही. चारचौघांत मी तिला 'अगं' म्हणतो, ती मला 'अहो'. दोन खोल्यांत आई, दोन पोरं नि आम्ही. दिवसभरात आमचं दोघांचं म्हणून काही नसायचं. म्हणून सकाळी ती चहा द्यायला जवळ आली की मी हळूच म्हणायचो, "पापलेट." (हसू नका. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे याहून मोठी पदवी नाही.) ती लाजून म्हणायची, "गप बसा, आई ऐकतील," आणि माझा दिवस झकास जायचा.

तोच शब्द मी कॉम्प्युटरात घातला. तिला विचारलंसुद्धा नाही.

सहा महिने सुरळीत गेले. मग ऐन पगाराच्या दिवशी मला एकशे तीन ताप. चाळीत फोन एकच, तळमजल्यावर भाऊंकडे. अकराच्या सुमारास भाऊंनी चौकातून हाक मारली, "नंदू, ऑफिसचा फोन रे! अर्जंट!" वनमालाने मला दंडाला धरून खाली नेलं. फोनपाशी भाऊ, त्यांची बायको सुंदराबाई आणि नळावरून आलेल्या दोघीतिघी जमल्या होत्या. आजारी माणसाला फोन म्हटल्यावर सगळ्यांना काळजी.

पलीकडे आमचे मॅनेजर चंद्रप्रकाश. "नंदकुमार, पासवर्ड बोल जल्दी! दीडशे लोकांचा पगार अडकलाय!"

"सर, इथे सगळे आहेत... उद्या आलो तर..."

"उद्या? युनियनवाले माझ्या केबिनमध्ये बसलेत यार!"

मी हळूच सांगितलं.

"ऐकू येत नाही! जोरात!"

"पापलेट!" मी ओरडलो.

सुंदराबाई कळवळल्या, "बघा, तापातसुद्धा मासे आठवतायत बिचाऱ्याला."

इथेच सगळं संपलं असतं हो! पण साहेबांनी सहज विचारलं, "फिश का ठेवलास?" एक तर मला खोटं बोलायची सवय नाही, त्यात डोक्यात गेलेला ताप. मी त्याच पट्टीत ओरडलो, "फिश नाही सर! मिसेसना म्हणतो घरात!"

दंडावरचा हात सुटला. मी वळून बघेपर्यंत वनमाला जिना चढून गेली होती.

तिकडे पगार झाला, इकडे माझी वाट लागली. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं. कोळीण सरूबाई "पापलेट घे गो बाय" म्हणत आली की चाळीतली पोरं आमच्या दाराकडे बोट दाखवायची. भरदिवसा दार लावून घेणारं चाळीत आमचं एकच घर झालं. आई म्हणाली, "ह्यां शोभतां रे तुका?"

ऑफिसात मी पासवर्ड लगेच बदलला. घरात तसं करता येत नाही. तिला आवडायचं ते एकच नाव माझ्याकडे होतं आणि ते मी पगारपत्रकासाठी घालवलं, याची आजही चुटपुट लागते.

महिन्याभराने धीर करून चहाच्या वेळी पुन्हा कुजबुजलो. ती थंडपणे म्हणाली, "ते आता कंपनीचं आहे."

"मग दुसरं ठेवू एखादं?"

"नको. मीच तुमचं ठेवलंय एक. त्याच दिवशी."

"काय गं? सांग ना!"

"तुम्हाला? तुमच्या पोटात काही राहतं का?"

तेव्हापासून स्वयंपाक करता करता ती मध्येच एकटी खुदकन हसायची. आठवड्याभराने आईही हसायला लागली.