गुडघा सांभाळून भूशिरावर केलेल्या स्वारीची हकीकत

घरधनीण बाईसाहेब यांची आज्ञा जाहली की, समुद्रकाठच्या राखीव रानातील पायवाटेवर जो प्रकार घडला तो साद्यंत लिहून ठेवणे, नाहीतर साहेब चार लोकांत भलतेच सांगत सुटतील. सबब हा मजकूर लिहिला आहे. बखरकार साहेबांच्याच खुर्चीत बसतो, साहेबांचाच चष्मा लावतो आणि साहेबांच्याच ताटात जेवतो, तेव्हा साहेबांचा पक्ष थोडा उचलून धरला गेल्यास वाचणारांनी पदरात घ्यावे.

साहेब म्हणजे भूमापन खात्यातील निवृत्त अंमलदार, वय सदुसष्ट, डावा गुडघा बंडखोर. कन्या फिजिओथेरपिस्ट, त्या गुडघ्याची नस न् नस जाणणारी. तिने आदल्या दिवशी फर्मान काढिले की, भूशिराचे टोक गाठून स्वतःच्या पायांनी परत आलात तर उत्तम, मध्येच माघार घेतलीत तर यापुढे रानवाटा बंद आणि गच्चीवर चकरा मारणे. हे ऐकोन साहेबांचे धाबे दणाणले. नोकरी संपल्यापासून हिवाळ्यातील ही भटकंती एवढेच काय ते सुख उरले होते, आणि गच्ची तर अवघी बावीस पावलांची.

मग रविवारी सकाळी कूच जाहले. साहेबांनी दोन स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर कानटोपी ऐसा सरंजाम चढविला, आणि त्यापायी वाकता येईना, सबब बुटाची नाडी बाईसाहेबांनी बांधिली. वाटेवर जागोजाग लाकडी खांब, त्यांवर अंतर लिहिलेले. परंतु दुसऱ्याने लिहिलेल्या अंतरावर विसंबणे साहेबांच्या रक्तात नव्हते. चौतीस वर्षांचा शिरस्ता ऐसा की, पाऊल न् पाऊल मोजावे, आणि आकडा चुकल्यास मागील खांबापासून पुन्हा आरंभ करावा.

कन्या झपाझप पुढे गेली. पहिल्या खांबापुढे सातशे बारा पावले जाहली तो बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तो बगळा बघा, कसा ध्यान लावून बसलाय!" साहेबांनी बगळा पाहिला आणि आकडा गेला. बाईसाहेब बोलत बोलत तशाच निघोन गेल्या आणि साहेब गुपचूप मागे फिरले. दुसऱ्या खेपेस समोरून येणाऱ्या गृहस्थाने वेळ विचारिली, ती साहेबांनी सांगितली, आणि पुढचे पाऊल आठशे सव्वानऊ ऐसे पडले. पुन्हा माघारी. तिसऱ्या खेपेस साहेबांस स्वतःचीच शिंक आली, आणि तेथे दोष कोणास द्यावा हेही कळेना.

इकडे कन्या टोकावर पोहोचोन दुर्बीण लावून उभी. दर माघारीस ती वाटेवरच्या आईला फोन करोन खबर देई, "बाबा परत फिरले गं!" तिसऱ्या वेळेस आई टोकावर येऊन पोहोचली होती, तेव्हा तिने दुर्बीणच आईच्या हाती दिली.

पुढे दलदलीवरील फळ्यांच्या पुलावर खारा वारा ऐसा सुटला की डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि गुडघ्याने उघड बंड पुकारिले. साहेब कठड्यास धरोन खाली बसले. आपण म्हातारे झालो, हे त्यांस त्या फळीवर प्रथमच खरे वाटले, आणि फार वाईट वाटले. मग गच्ची आठवली, गच्चीवरची पाण्याची टाकी आठवली, आणि साहेब ताडकन नव्हे, पण उठले. त्या दुखण्यापायी आकडा चौथ्यांदा गेला. या वेळेस साहेबांनी मागे वळोन पाहिले नाही.

टोकावर पोहोचताच कन्येने विचारिले, "बाबा, खरं सांगा, तीनदा परत फिरलात ते गुडघ्यामुळेच ना?"

"गुडघा कसला? आकडा चुकत होता!"

बाईसाहेबांनी कपाळावर हात मारिला. "अगं बाई! म्हणजे हा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चाललाय!" आणि मायलेकी खडकावर बसोन पोट धरधरोन हसल्या. मग कन्येने डोळे पुसले आणि गच्चीचे फर्मान जागीच रद्द केले.

परतीची वाट साहेबांनी स्वतःच्या पायांनी, लंगडत का होईना, पुरी केली. घरी आल्यावर गाडीतून पाय बाहेर येईनात. तेव्हा कन्येने एक हात आणि बाईसाहेबांनी दुसरा धरोन साहेबांस खेचोन काढिले. त्या प्रसंगाची नोंद विजयी वीराचे स्वागत ऐसी केली असे. मोहीम फत्ते.