मानाच्या बंदुकीची दुसरी गोळी

एका जंगलात एकच बंदूक होती. बाळांनो, जंगलात बंदूक कशाला, असं विचारू नका. तुमच्या शाळेत कुलूपबंद कॉम्प्युटरची खोली असते ना? तशीच ती होती. फरक इतकाच की बंदूक वापरात होती.

कुणी एक शिकारी हत्तीला घाबरून पळाला, तेव्हा ती चिखलात टाकून गेला होता. बंदूक जुनी, पण अर्धस्वयंचलित. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटायची आणि पुढचं काडतूस आपोआप वर यायचं. जंगलात नेम कुणालाच धरता येत नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. पाणवठ्यावर तान्हूबाई नावाची भेकरीण पहाऱ्याला असे. चोरटे शिकारी दिसले की ती आभाळाकडे नळी करून धडाधड बार काढी. शिकारी पळून जात. खुरांनी ती चाप कसा ओढत असे, ते मला माहीत नाही.

पुढे बंदूक थकली. पहिली गोळी सुटायची, दुसरी आत अडकायची. शिकारी शिकलेले नव्हते, पण एकापर्यंत मोजता येणारे होते. गेल्या उन्हाळ्यात ते पहिला बार होईपर्यंत झुडपात थांबले आणि मग निवांत खाली उतरले. तेव्हा तान्हूबाईचा नवरा पाणी पीत होता. तो गेला. तान्हूबाईपाशी दोन पाडसं उरली आणि ती बंदूक.

म्हणून गेनू साळिंदराला बोलावलं. गेनू जंगलाचा मिस्त्री. त्याने सपाट खडकावर बंदूक उघडली आणि निम्मेअधिक भाग झिजलेत, नवे आणावे लागतील, असं सांगितलं.

आता त्या जंगलाची एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बंदुकीची पूजा होई. त्या पूजेत काही जमातींचे मान ठरलेले होते. दस्ता माकडांचा, नळी रानडुकरांची, स्प्रिंग सशांची, आणि काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, अस्वलांचा. आपापल्या भागाला आपापला हार. आणि ज्याचा मान, त्यानेच तो भाग बिघडला तर नवा आणायचा. कुठून आणायचा, कुठल्या बनावटीचा आणायचा, हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारणं कमीपणाचं समजत.

सगळ्यांनी नवे भाग आणले. सगळे चकचकीत होते. अस्वलांच्या बोल्टावर तर जाखोजी अस्वलाचं नावही कोरलेलं होतं. गेनूने बंदूक जोडली, आणि ती पहिल्यापेक्षा वाईट अडकली.

गेनू चिकाटीचा होता. एक नवा भाग काढायचा, तिथे जुना घालायचा, पाहायचं, परत बदलायचं, आणि आपल्याच काट्याने खडकावर ओरखडा काढून ठेवायचा. सात दिवस तो हेच करत बसला. आठव्या दिवशी सापडलं. दोष बोल्टाचा होता. म्हणजे बोल्ट चांगलाच होता, पण तो याच घराण्यातल्या धाकट्या बंदुकीचा होता. दिसायला हुबेहूब, फरक फक्त काट्याच्या टोकाएवढा. तेवढ्याने काडतूस अडत होतं.

तरसाच्या गुहेत अशाच एका जुन्या बंदुकीचा सांगाडा पडला होता. गेनूने त्यातला गंजका बोल्ट मागून आणला, घासला, तेल दिलं आणि बसवला. मग आभाळाकडे तीन बार काढले. तिन्ही सुटले. शेजारी बसलेल्या तान्हूबाईने डोळे मिटून ते ऐकले. गेनूला जन्मात पहिल्यांदा स्वतःचं कौतुक वाटलं.

पण तरसाला कसलाच मान नव्हता. त्याला पूजेचं आमंत्रणसुद्धा जात नसे. त्याचा बोल्ट मानाच्या बंदुकीत बसला ही बातमी अस्वलांना कळायला वेळ लागला नाही.

जाखोजी हा बंदूक समितीचा अध्यक्षही होता. तो समिती घेऊन आला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मिस्त्री, आमच्या बोल्टात काय खोट आहे, ती दाखवा," तो म्हणाला.

गेनू म्हणाला, खोट काहीच नाही, तो बाकीच्यांशी जुळत नाही इतकंच.

"म्हणजे खोट बाकीच्यांत आहे."

झालं. माकडं दस्त्यावरून उखडली, डुकरं नळीवरून आणि ससे स्प्रिंगवरून. दिवस मावळेपर्यंत सगळं जंगल गेनूवर नाराज झालं. शेवटी शेजारच्या जंगलातून एक तज्ज्ञ घुबड आणलं गेलं. त्याने प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला आणि प्रत्येकाला निर्दोष असल्याचा दाखला दिला. अख्ख्या बंदुकीसाठी त्याच्या छापील दाखल्यात रकानाच नव्हता.

मग जाखोजीने गेनूला बाजूला घेतलं. चापाचा मान अजून कुठल्याच जमातीकडे गेलेला नाही, हे त्याच्या कानावर घातलं. यंदा चापाचा हार साळिंदरांनी घालावा, असं समितीच्या मनात होतं.

बाळांनो, गेनूचा बाप जन्मभर त्या पूजेत गर्दीच्या मागे तेलाचा डबा धरून उभा राहिला होता. गेनूने तरसाचा बोल्ट काढला आणि अस्वलांचा बसवला. त्याचा हात थरथरला असं सांगायला मला आवडलं असतं. पण तो थरथरला नाही.

खंडेनवमी थाटात झाली. हारांखाली बंदूक दिसत नव्हती. पूजा आटोपल्यावर तान्हूबाई बंदूक न्यायला आली.

"मिस्त्रीभाऊ, दुसरी सुटंल नव्हं?" तिने विचारलं. "लेकरं माझ्यापाशीच असत्यात तिथं."

"एकूण एक भाग पास झालाय, तान्हूबाई," गेनू म्हणाला.

तिने आपल्या कानांनी तीन बार ऐकले होते. तिने त्याला दुवा दिला आणि गेली.

चैत्रात ओढे आटले. सगळं जंगल एका पाणवठ्यावर आलं, आणि एका भरदुपारी शिकारीही आले. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली नाही. तान्हूबाई पाडसांच्या पुढे उभी राहून चाप ओढत राहिली, ओढत राहिली. तेवढ्या वेळात पाडसं निसटली. ती निसटली नाही.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. माकडांनी दस्ता पाहिला, डुकरांनी नळी, सशांनी स्प्रिंग, अस्वलांनी बोल्ट. सगळं दाखल्याप्रमाणे होतं. आता फक्त चाप उरला. सगळे गेनूकडे पाहू लागले. त्याच्या मागे साळिंदरांची सारी जमात बसली होती, पहिल्यांदाच पुढच्या रांगेत.

"चापात काही दोष?" जाखोजीने विचारलं.

गेनूने मागे वळून त्या रांगेकडे पाहिलं.

"आमचा चाप निर्दोष आहे," तो म्हणाला. "ओढणारीचं चुकलं."

ठराव एकमताने झाला. पहारा तान्हूबाईच्या थोरल्या पाडसाकडे गेला. बंदूक गेनूनेच पुसून, तेल देऊन त्याच्या हवाली केली. पाडसाने त्याला काहीच विचारलं नाही.

तात्पर्य: जो भाग जुळत नाही तो बदलू नये, त्याने कुणाचं तरी मन दुखावतं. पहारेकरी बदलावा. त्याचं मन समितीत नसतं.