टोक्याची हजेरी

एका जंगलात, मुलांनो, लहानांना शिक्षा करत नसत. त्या जंगलाला याचा फार अभिमान होता. मोठ्यांसाठी खोल खड्डा होता, पण पिल्लांसाठी एक खास दरबार होता. तो पळसाच्या सावलीत भरे. त्याला बालसुधार दरबार म्हणत. तिथे सुधारणा अगदी मोफत होती. फक्त खर्च तेवढा घेत.

या दरबारात न्यायाला एक वयस्कर सांबर बसे. सगळे त्याला दादासाहेब म्हणत. मनाने फार मऊ. लेखनिक होता एक मुंगूस. तो पळसाच्या पानांवर निकाल लिही, आणि लिहायला सायाळीचा काटा वापरी. काटा लवकर झिजे. म्हणून खर्च काट्यांतच भरायचा, असा नियम होता.

त्याच जंगलात भागाबाई नावाची सायाळ राहायची. तिला एकच पिल्लू, टोक्या. भागाबाई चालली की तिच्या पाठीवरचे काटे खुळखुळत. बिळात बसलेल्या टोक्याला त्या आवाजावरून कळे, आई आली.

एकदा टोक्याने राजाच्या बांधावरचा कंद उकरून खाल्ला. एकच कंद, तोही अर्धा किडका. पण टिटवीने पाहिलं, आणि टिटवीने पाहिलं की सगळ्या जंगलाने पाहिलं.

दरबार भरदुपारी भरला. सायाळी दिवसा झोपतात. टोक्या उभ्या उभ्या पेंगला आणि आईच्या पायाशी कलंडला.

"दरबारात झोप," मुंगसाने लिहून घेतलं. "तीन काटे."

"लेकरू आहे हो," भागाबाई म्हणाली.

"म्हणून तर तीन. मोठ्यांना नऊ आहेत."

दादासाहेबांनी टोक्याला जवळ बोलावलं. "बाळ, कंद गोड होता का?"

"किडका होता," टोक्या म्हणाला.

दादासाहेब हसले. "खरं बोलतो पोरगा. शिक्षा नाही. दंड फक्त एक काटा."

भागाबाईला हायसं वाटलं. तिने पाठीवरचा एक काटा उपसला आणि पुढे केला.

"थांबा बाई," मुंगूस म्हणाला. "हा दंड झाला. खर्च वेगळा. टिटवीने नाव पुकारलं, एक. सावलीत उभे राहिलात, दोन. पोर लहान आहे हे कासवाने तपासून सांगितलं, चार. झोपेचे तीन. हे सगळं लिहायला एक. दंड धरून एकूण बारा."

"ते लहान आहे हे मीच सांगितलं असतं."

"तुम्ही आई. तुमचं कसं धरायचं?"

टोक्याने आपली पाठ पुढे केली. "माझे घ्या."

मुंगसाने त्याचा एक काटा पानावर दाबून पाहिला. काटा वाकला. "मऊ आहेत. पालकांचेच लागतील."

भागाबाईच्या पाठीवर लिहिण्याजोगे लांब काटे चाळीस होते. त्यांतले बारा गेले. शिवाय टोक्या सुधारतोय की नाही हे बघायला दर पौर्णिमेला हजेरी लागली. हजेरीचे पाच काटे.

त्या दिवशी बिबट्याच्या बछड्याचंही प्रकरण होतं. त्याने गंमत म्हणून सशांची सात बिळं पाडली होती. खर्च झाला सोळा काटे. बिबट्याने तिथल्या तिथे सोळा मोजून दिले. त्याच्या गुहेत काट्यांचा ढीगच होता. तो कुठून आला, हे विचारायची दरबारात पद्धत नव्हती. उलट दादासाहेब सगळ्यांना म्हणाले, "बघा, पालक असे जबाबदार हवेत."

मुलांनो, तुम्ही हिशोबात हुशार आहात. भागाबाईला महिन्याला दोन काटे नवे यायचे आणि पाच जायचे. सहा पौर्णिमांनंतर तिच्या पाठीवर दहा उरले. ती दुरून येताना आता फारसं काही ऐकू येत नसे. टोक्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसू लागला.

सातव्या हजेरीला ती म्हणाली, "सरकार, हे दहा मला राहू द्यात. कंदांसाठी ओढ्यापलीकडे जावं लागतं. त्या वाटेवर बिबट्या असतो. पाठ उघडी पडली तर मी काय करू?"

दादासाहेबांचे डोळे पाणावले. "बाई, दरबाराला काळीज आहे. तुम्हाला हप्ते बांधून देतो. पाच एकदम देऊ नका, दर आठवड्याला एक द्या."

मुंगसाने हप्त्यांचा अर्ज लिहिला. अर्जाचा एक काटा. मग दर आठवड्याला हप्त्याचा एक आणि पावतीचा एक. पाच हप्ते झाले, पाच पावत्या झाल्या. मध्ये दोन काटे उगवले होते, तेही धरून भागाबाईच्या पाठीवर एक काटा राहिला.

पावत्या मात्र तिने नीट जपून ठेवल्या होत्या. बिळात, कोरड्या जागी.

पुढच्या हजेरीला टोक्या एकटाच आला. दुपार होती, पण तो पेंगला नाही.

"पालक कुठे?" मुंगसाने विचारलं.

"ओढ्यावर गेली होती," टोक्या म्हणाला. "आली नाही."

दादासाहेबांनी मान खाली घातली. मग मुंगसाने नियमाप्रमाणे टोक्याच्या पाठीवरचा एक काटा उपसून पानावर दाबला. काटा वाकला नाही. रेघ छान उमटली.

"तयार झालेत," मुंगूस म्हणाला.

"सरळ उभा राहतो, झोपत नाही, विचारलं तेवढंच बोलतो," दादासाहेब मान वर करून म्हणाले. "पोरगा सुधारला. लिहा."

मुंगसाने लिहिलं. मग पान उलटून बघितलं. "एक राहिलं. आईचं नाव खोडायला हवं. खोडण्याचा एक काटा. नाही खोडलं, तर ती गैरहजर धरली जाईल. दर पौर्णिमेला दोन काटे, तुझ्याकडून."

टोक्याने पानाकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"कुठलं तिचं?"

मुंगसाने बोट ठेवलं. ठेवताना त्याचा कोपर काट्यांच्या बुधल्याला लागला आणि आतले काटे खुळखुळले. टोक्याने चटकन मान वळवून मागे वाटेकडे पाहिलं.

वाट रिकामी होती.

"नका खोडू," तो म्हणाला. "मी देईन."

"दर पौर्णिमेला यावं लागेल."

"येईन."

दादासाहेब लेखनिकाला हळूच म्हणाले, "पाहिलंत? आता स्वतःहून यायला लागली मुलं."

तात्पर्य : चूक कुणाच्याही पोराच्या हातून होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र चूक करण्याआधी मुलांनी आईच्या पाठीवरचे काटे मोजून घ्यावेत. ते कमी भरले, तर बिबट्याच्या घरी जन्म घ्यावा.